कणसाचे केस उशिरा आले: २०१२ च्या अमेरिकी दुष्काळात मक्याचं काय झालं

मक्याच्या शेतात परागीभवन नीट झालं की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. तुरा येऊन आठ-दहा दिवस झाले की एक कणीस तोडायचं. वरची हिरवी पानं चाकूने उभी चिरून अलगद काढायची, केसांना मात्र धक्का लावायचा नाही. मग कणीस आडवं धरून हलकेच झटकायचं. ज्या दाण्यात फलधारणा झाली, त्याचा केस आपोआप सुटून खाली पडतो. झाली नसेल, तर तो जिथल्या तिथे चिकटून राहतो. बरं वर्ष असेल तर दोन झटक्यांत कणीस स्वच्छ होतं.

२०१२ च्या जुलैत इंडियाना, दक्षिण इलिनॉय आणि मिझुरीतल्या शेतांत अशी कणसं झटकली, तर अनेक ठिकाणी केसांचा झुपका तसाच लोंबत राहिला. ताटं पुरुषभर उंच होती, लांबून शेत हिरवंही दिसत होतं. पण पिकाचा निकाल तिथेच लागला होता. पुढे कितीही पाऊस पडला असता, तरी त्या कणसात दाणे येणार नव्हते.

हे प्रकरण निवडलं त्याला कारण आहे. दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माण, आटपाडी, आष्टी, जालना असली नावं येतात, आणि मनात एक समजूत पक्की असते की दुष्काळ म्हणजे मुळातच कमी पावसाच्या मुलखाचं दुखणं. अमेरिकेचा मक्याचा पट्टा तसा नाही. इंडियाना-इलिनॉयमध्ये वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विभागून पडतो. हवा समशीतोष्ण, हिवाळ्यात बर्फ, आणि गवताळ प्रदेशाची हजारो वर्षं मुरलेली काळी जमीन. एक गोष्ट मात्र आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. या पट्ट्याचा मोठा भाग, विशेषतः आयोवा, इलिनॉय आणि इंडियाना, जिरायत आहे. आयोवात ओलिताखालची पिकाची जमीन जेमतेम एखादा टक्का भरेल. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं मक्याचं कोठार आभाळाच्या भरवशावर उभं आहे.

त्या वर्षीचा वसंत इतका चांगला होता की कुणाला शंका यायला जागाच नव्हती. मार्च २०१२ हा अमेरिकेच्या नोंदीतला सर्वांत उबदार मार्च ठरला. जमीन लवकर तापली, वाफसा लवकर आला, पेरणी यंत्रं लवकर बाहेर पडली. एप्रिल संपताना निम्म्याहून अधिक मका पेरून झाला होता. एरवी त्या सुमाराला पाव हिस्सा झाला तरी पुष्कळ मानतात. भाव चांगला होता म्हणून पेराही वाढला. सुमारे ९.७ कोटी एकरांवर मका पडला, १९३७ नंतरचा सर्वांत मोठा पेरा. मे महिन्यात अमेरिकेच्या कृषी खात्याने अंदाज दिला एकरी १६६ बुशेलचा. मक्याचं एक बुशेल २५.४ किलोचं, तेव्हा हा उतारा होतो एकरी ४२ क्विंटल. तोवरचा विक्रम मोडेल असा हा आकडा होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ७७ टक्के पीक चांगल्या किंवा उत्तम स्थितीत असल्याची नोंद आहे.

त्याच वसंताने एक नुकसानही करून ठेवलं होतं, पण ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं. लवकर तापलेल्या जमिनीतून ओल लवकर उडाली. गवत, झाडं आणि पिकं आठवडे आधी जागी झाली आणि जमिनीतलं पाणी ओढू लागली. हिवाळ्याची शिल्लक मेअखेरीस बरीच खर्च झाली होती. ती भरून काढायची तर मे आणि जूनमध्ये पाऊस पडायला हवा होता.

तो पडला नाही. इंडियानापोलिस शहरात त्या वर्षी अख्ख्या जूनमध्ये दोन-अडीच मिलिमीटर पाऊस झाला. एरवी तिथे जूनमध्ये शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत नेब्रास्का, कॅन्सस, मिझुरी, आयोवा, कोलोरॅडो आणि वायोमिंग या सहा राज्यांत मिळून झालेला पाऊस १८९५ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होता. १९३४ आणि १९३६ या धुळीच्या वादळांच्या वर्षांपेक्षाही कमी. त्यात उन्हाची भर पडली. त्यावेळच्या नोंदींप्रमाणे जुलै २०१२ हा देशातला तोवरचा सर्वांत उष्ण महिना ठरला. सप्टेंबरच्या अखेरीस मुख्य भूमीचा ६५ टक्के भाग कमी-अधिक दुष्काळात होता.

दुष्काळ हळूहळू येतो असं आपण मानतो: आधी पावसाची ओढ, मग विहिरी तळाला जाणं, मग टँकर. हा तसा आला नाही. मेमध्ये ठीक असलेले जिल्हे जुलैच्या मध्यावर तीव्र दुष्काळात गेले. पाऊस थांबला, ऊन वाढलं, हवा कोरडी पडली आणि वारा सुटला, हे सगळं एकाच वेळी झालं तर जमिनीतली ओल आठवड्यांत संपते. अभ्यासकांनी अशा दुष्काळाला ‘झपाट्याचा दुष्काळ’ या अर्थाचं वेगळं नाव दिलं आहे. हंगामी अंदाजांत त्याची नीट चाहूल लागली नव्हती. नंतरच्या विश्लेषणातही मुख्य कारण निघालं ते वातावरणातल्या नैसर्गिक चढउताराचं, म्हणजे आधीच पकडणं अवघड असलेलं.

आता कणसाकडे परत येऊ, कारण सगळं प्रकरण तिथे आहे.

मक्याच्या ताटावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या जागी असतात. नर वरच्या तुऱ्यात, मादी कमरेच्या उंचीवरच्या कणसात. कणसावर सुमारे हजार दाण्यांची जागा तयार होते आणि प्रत्येक जागेतून एक केस निघतो. त्या केसावर पराग पडला, केसाच्या आतून तो खालपर्यंत पोचला, तरच तो दाणा. एक केस, एक दाणा. बऱ्या वर्षी यातले चारशे ते सहाशे दाणे भरतात. तुरा पराग सोडतो तो एका ताटावर जेमतेम पाच ते आठ दिवस. केसांनी त्या दिवसांत बाहेर यायचं असतं.

केस म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यात नव्वद टक्के पाणी असतं आणि वाढीच्या भरात तो दिवसाला तीन-चार सेंटिमीटर लांबतो. ही वाढ पेशींत पाण्याचा दाब असेल तरच होते. ताटाला पाण्याचा ताण बसला की पहिली मंदावते ती केसांची वाढ. तुरा मात्र आपल्या वेळेवर येतो, ऊन जास्त असेल तर जरा आधीच येतो. मग दोघांची गाठच पडत नाही. पराग उडून जातो आणि केस त्यानंतर बाहेर येतात. कणसाच्या बुडाचे केस आधी निघतात आणि शेंड्याचे शेवटी, म्हणून शेंडा आधी रिकामा राहतो. ताण मोठा असेल तर बूडसुद्धा.

कडक उन्हाने पराग मरतो असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण तुरा रोज सकाळी नवा पराग सोडतो आणि बराचसा पराग ऊन तापण्याआधी झडतो. कोरडवाहू मक्यात खरी कोंडी होते ती केसांची.

फलधारणा झाली तरी सुटका नाही. पुढचे दोन आठवडे ताट स्वतःच ठरवत असतं की आपल्याला किती दाणे पोसता येतील. पाणी नसेल तर पानं दुपारी आपली सूक्ष्म रंध्रं मिटून घेतात. त्याने पाणी वाचतं, पण हवेतला कर्बवायूही आत येत नाही आणि अन्न तयार होणं थांबतं. पानं सुरळी होऊन उभी राहतात, तेव्हा शेत अननसाच्या मळ्यासारखं दिसू लागतं. उपाशी ताट मग शेंड्याकडचे कोवळे दाणे सोडून देतं. ते सुकून पांढरे पापुद्रे होतात. फुलोऱ्याच्या दिवसांत मक्याला रोज सुमारे आठ मिलिमीटर पाणी लागतं. याच दिवसांत सलग चार दिवस पानं सुरळी होऊन राहिली, तर निम्म्याच्या आसपास पीक हातचं जाऊ शकतं. तोच ताण गुडघाभर मक्याला बसला असता, तर तो पावसानंतर बराचसा सावरला असता.

२०१२ मध्ये लवकर पेरलेल्या मक्याचा फुलोरा पट्ट्याच्या दक्षिण भागात जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला आला. उष्णतेची लाट नेमकी त्याच दिवसांत आली. लवकर पेरणी हा शहाणपणाचाच निर्णय होता, दहातल्या आठ वर्षी त्याने फायदाच होतो. या वर्षी त्याने पीक उन्हाच्या तोंडी दिलं.

उन्हाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वोल्फ्राम श्लेंकर आणि मायकेल रॉबर्ट्स यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या जिल्ह्याजिल्ह्यांतली अनेक दशकांची उत्पादनं तपासली. मक्याचा उतारा २९ अंश सेल्सिअसपर्यंत तापमानाबरोबर हळूहळू वाढतो आणि त्यापुढे झपाट्याने घसरतो, असं त्यांना दिसलं. आपल्याला २९ अंश म्हणजे काहीच वाटत नाही. पण तापलेली कोरडी हवा पानांतून पाणी ओढते, आणि मुळं तितक्या वेगाने पुरवू शकली नाहीत की रंध्रं मिटतात. म्हणून ऊन आणि पाण्याचा ताण ही दोन वेगळी संकटं म्हणून मोजता येत नाहीत.

ऑगस्टच्या सुरुवातीला चांगल्या स्थितीतलं पीक ७७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आलं होतं. कृषी खात्याने जुलैत अंदाज १४६ बुशेलवर आणला, ऑगस्टमध्ये १२३ वर. शेवटचा हिशोब तिथेच ठरला: एकरी १२३ बुशेल, म्हणजे ३१ क्विंटल. देशाच्या सरासरीत एकरी ११ क्विंटलची खोट.

पण सरासरीत हे प्रकरण दिसत नाही. राज्यवार पाहिलं तर चित्र उलगडतं. केंटकीत २०११ मध्ये १३९ बुशेल निघाले होते, २०१२ मध्ये ६८. उतारा निम्म्यावर. मिझुरीत ११४ वरून ७५, इंडियानात १४६ वरून ९९, इलिनॉयमध्ये १५७ वरून १०५. आयोवा १७२ वरून १३७ वर थांबलं. आणि मिनेसोटात १५६ चे १६५ झाले, वाढले! एकाच देशाच्या एकाच दुष्काळात एक राज्य निम्म्यावर आलं आणि दुसरं वर चढलं.

मिनेसोटा उत्तरेला आहे, तिथे काही पाऊस वेळेवर मिळाला आणि ऊन थोडं सौम्य राहिलं. आयोवा आणि मिझुरी तर शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यातल्या फरकाचं मोठं कारण मला जमिनीत दिसतं. मध्य आयोवाची खोल गाळवट जमीन पाच फुटांच्या थरात पिकाला वापरता येईल असं अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. मुळं निर्वेध खाली जातात आणि मागच्या वर्षाची ओल शोधून काढतात. मिझुरीच्या ईशान्य भागात आणि दक्षिण इलिनॉयमध्ये वरच्या थराखाली घट्ट चिकणमातीचा कडक पट्टा आहे. मुळं तिथेच अडतात. पावसाळी वर्षात त्याच जमिनीवर पाणी साचतं आणि कोरड्या वर्षात तीच आधी तडकते. उथळ जमिनीवर कपाशी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. बांधाच्या अलीकडे भारी रान, पलीकडे मुरमाड, आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच. तरी पंधरा दिवसांच्या खंडात कोणतं रान आधी मान टाकतं, हे त्याला डोळे मिटूनही सांगता येतं.

सोयाबीनची गोष्ट वेगळी झाली. इलिनॉयमध्ये मका एक तृतीयांशाने घटला, त्याच राज्यात, बऱ्याचदा शेजारच्याच शेतात, सोयाबीन ४७ बुशेलवरून ४३ वर आलं, म्हणजे घट दहा टक्क्यांच्याही आत. सोयाबीन काटक आहे म्हणून असं झालं, हे उत्तर पुरेसं नाही. सोयाबीन एका आठवड्यावर सगळं लावत नाही. फुलं कित्येक आठवडे येत राहतात, पहिली गळली तरी पुढची असतात. शेंगा भरायचा काळ ऑगस्टमध्ये येतो. ऑगस्टमध्ये थोडा पाऊस झाला, आणि महिनाअखेरीस आयझॅक चक्रीवादळाचे अवशेष मेक्सिकोच्या आखातातून वर सरकत मिझुरी, इलिनॉय, इंडियानावर बरसले. उशिराच्या सोयाबीनला तो पाऊस लाभला. मक्याची ताटं तोवर वाळली होती.

विम्याची बाजू मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तिथून आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मक्याखालच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्राचा विमा होता आणि हप्त्याचा निम्म्याहून मोठा वाटा सरकार भरत होतं. बहुतेकांनी घेतलेला विमा नुसत्या उत्पादनाचा नव्हता, उत्पन्नाचा होता. उदाहरण घेऊ. एखाद्या शेतकऱ्याचा स्वतःच्या जमिनीवरचा आजवरचा सरासरी उतारा १६० बुशेल, आणि त्याने ७५ टक्के संरक्षण घेतलं. त्याची हमी झाली १२० बुशेलची. फेब्रुवारीत ठरलेला भाव होता ५.६८ डॉलर, त्या हिशोबाने एकरी ६८२ डॉलर. पण काढणीचा भाव जास्त निघाला तर हमी त्या भावाने मोजायची, अशी तरतूद होती. २०१२ चा काढणीचा भाव ठरला साडेसात डॉलर. हमी झाली ९०० डॉलर. शेतात निघाले ६० बुशेल, त्यांची किंमत ४५० डॉलर. उरलेले ४५० विम्याने दिले.

भाव वाढला तर भरपाई वाढते, हे का गरजेचं? कारण ज्याने वसंतातच माल पुढच्या सौद्यात विकून ठेवला आहे, त्याला तो पुरा करायला बाजारातून महाग मका घ्यावा लागतो. शिवाय हिशोब त्याच्याच शेताच्या नोंदीवर होतो. आपल्याकडे विम्याचं एकक महसूल मंडळ असतं. मंडळाच्या पीक कापणी प्रयोगाची सरासरी ठीक आली की उथळ रानावर सगळं गमावलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. वर केंटकी आणि मिनेसोटाचं जे सांगितलं, ते एका मंडळातही घडतं, हे कापणी प्रयोगांच्या तक्त्यात कुठे दिसणार? त्या वर्षीच्या पिकांपोटी अमेरिकेत १७ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई दिली गेली. सरकारी तिजोरीवर तो मोठा भार होता आणि त्यावर तिथे टीकाही झाली. तरी त्या भरपाईमुळे बहुतांश धान्य उत्पादक पुढच्या वसंतात पेरायला उभे राहिले, हे मला मोलाचं वाटतं.

जनावरं पाळणाऱ्यांना असा आधार नव्हता. पशुपालकांसाठीच्या आपत्ती मदतीच्या योजनांची मुदत २०११ मध्येच संपली होती, आणि त्या परत लागू झाल्या थेट २०१४ च्या कायद्याने. मधल्या काळात कुरणं जळालेली, मका आठ डॉलरच्या वर. लोकांनी गाभण गाईही विकल्या. जानेवारी २०१३ मध्ये देशातली गुरं ८.९३ कोटींवर आली, १९५२ नंतरची सर्वांत कमी संख्या. वासरू गाय व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे हा घाव एका पावसाने भरून निघणारा नव्हता.

वाळलेला मका निदान वैरणीला जाईल, हाही आधार धोक्याचा निघाला. दाणे भरले नाहीत की मुळांनी ओढलेलं नत्र ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट होऊन साठतं, आणि अशी हिरवी वैरण खाऊन गुरं दगावू शकतात. म्हणून शेतकऱ्यांना सल्ला दिला गेला की बुडाचं वीतभर ताट रानातच सोडा आणि मुरघास करा, कारण आंबवण्यात नायट्रेट बरंच कमी होतं. जे दाणे भरले होते, त्यांतही काही भागांत अफलाटॉक्सिन सापडलं. उष्ण कोरड्या हवेत वाढणाऱ्या बुरशीचं हे विष दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं.

बाजारातले धक्के दूरवर पोचले. सोयाबीन सप्टेंबरच्या सुरुवातीला अठरा डॉलरच्या जवळ गेलं. अमेरिकेची मक्याची निर्यात चार दशकांतली सर्वांत कमी झाली आणि ब्राझीलने तिला मागे टाकलं. योगायोग असा की २०१२ मध्येच मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यात पाऊस हुकला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दोन दुष्काळांचं मूळ वेगळं, एकाने दुसरा आला नाही. पण जगात भाव चढलेला असताना आपल्या कोरड्या भागातल्या शेतकऱ्याकडे विकायला माल नव्हता, आणि कोंबड्या पाळणाऱ्याला खाद्य महाग पडत होतं.

बियाणं सुधारलं म्हणून नुकसान कमी झालं का, हा प्रश्न तिथे बराच चर्चिला गेला. १९३६ मध्ये मक्याचा उतारा एकरी साडेअठरा बुशेल, जेमतेम पावणेपाच क्विंटल होता. २०१२ चा ‘बुडालेला’ हंगाम त्याच्या सहापटीहून मोठा. त्या अर्थाने प्रगती खरीच. पण १९८८ च्या दुष्काळात उतारा आदल्या वर्षीच्या १२० वरून ८५ वर आला होता, म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक घट. २०१२ मध्ये अपेक्षेच्या तुलनेत पुन्हा चतुर्थांशच गेला. डेव्हिड लोबेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की मध्यपश्चिमेतला मका कोरड्या हवेला पूर्वीपेक्षा जास्त संवेदनशील होत गेला आहे. नवे वाण दाटीत उभे राहू शकतात म्हणून एकरी तीस हजार किंवा त्याहून अधिक ताटं लावली जातात. एकेक ताट आधीपेक्षा काटक असेलही, पण तेवढ्याच ओलीवर हक्क सांगणारी तोंडं वाढली. बऱ्या वर्षी जे दाट पीक विक्रम करतं, तेच ओल सर्वांत आधी संपवतं. हा निष्कर्ष मला पटतो, कारण पेरणी विरळ करण्याचा सल्ला कोरडवाहू ज्वारीच्या भागात आपले जुने लोक याच कारणाने देत आले आहेत.

२०१२ ची काढणी लवकर आटोपली. जमिनीत मात्र एक देणं राहून गेलं होतं. १६६ बुशेलच्या आशेने घातलेलं नत्र १२३ बुशेलच्या पिकाने उचललं नाही, ते मातीतच राहिलं. २०१३ चा वसंत आयोवात भरपूर पावसाचा निघाला. शेताखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून ते नत्र नायट्रेट होऊन ओढ्यांत आणि तिथून नद्यांत गेलं. डे मॉईन शहर ज्या रॅकून नदीचं पाणी पितं, तिच्यात मे २०१३ मध्ये नायट्रेट लिटरला २४ मिलिग्रॅमपर्यंत चढलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहाची आहे. शहराच्या पाणीपुरवठा खात्याला नायट्रेट काढणारी यंत्रणा दिवसरात्र चालवावी लागली आणि लोकांना बागेला पाणी घालू नका असं सांगावं लागलं. बाहेर तेव्हा पाऊस पडत होता.